कार्कासॉनला ‘नकली’ म्हणणाऱ्यांसाठी

शनिवार-रविवार तुलूजहून कार्कासॉन या दक्षिण फ्रान्समधल्या जुन्या तटबंदीच्या गावाला जाऊन आले आणि काल काही छायाचित्रे येथे टाकली. आज सकाळी त्याखाली एका परिचित गृहस्थांनी लिहिले, की हा सगळा एकोणिसाव्या शतकात उभा केलेला देखावा आहे, अस्सल काही पाहायचे असते तर दुसरीकडे जायला हवे होते. दुपारपर्यंत त्या शेऱ्याला इतके अंगठे मिळाले, की आता सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

छपरांचा वाद मला ठाऊक आहे. व्हिओले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने १८५३ पासून तटबंदीची दुरुस्ती हाती घेतली आणि बुरुजांवर पाटीच्या दगडाची निमुळती छपरे चढवली. दक्षिणेत कौले असतात, ही धाटणी उत्तरेची, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो आणि तो अगदीच चुकीचा नाही, एवढे मान्य करते. पण त्याआधी तेथे काय होते, हेही पाहावे की नाही? १६५९ च्या तहाने स्पेनची सरहद्द पिरेनीज पर्वतापर्यंत मागे गेली, किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपले, तटाचे दगड घरे बांधायला जाऊ लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सरकार तो मोडीत काढायला निघाले होते. क्रो-मेरव्येय हे तेथील इतिहासप्रेमी आणि लेखक व सरकारी स्मारक-निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे यांनी तेव्हा आवाज उठवला नसता, तर नावे ठेवायलासुद्धा काही उरले नसते. १९९७ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश करताना युनेस्कोने या दीर्घ जीर्णोद्धारालाही महत्त्व दिले आहे.

मला खुपले ते वेगळेच. सँ-नाझेर चर्चजवळच्या एका गल्लीत एक वृद्ध बाई हातात किल्ली घेऊन स्वतःच्याच दारासमोर उभ्या होत्या, कारण त्यांच्या उंबऱ्यावर एक कुटुंब आइस्क्रीम खात बसले होते. बाईंनी हळूच ‘पार्दों’ (माफ करा) म्हटले. त्यावर त्यातल्या पुरुषाने उठण्याऐवजी आपला फोन त्यांच्या हातात दिला आणि छायाचित्र काढायची खूण केली. बाईंनी ते काढूनही दिले.

या गावातून माणसांना घालवण्याचा प्रकार जुना आहे. १२०९ मध्ये चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर या ख्रिस्ती पंथाविरुद्ध पुकारलेल्या धर्मयुद्धात गावाला वेढा पडला. वाटाघाटींसाठी बाहेर आलेला रेमों-रोजे त्रांकावेल हा तरुण सरदार कैद झाला आणि त्याच वर्षी कोठडीत मेला, तर रहिवाशांना जवळजवळ नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर काढले गेले. १२४० मध्ये त्याच्या मुलाने गाव परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि त्याची शिक्षा तटालगतच्या वस्त्यांना भोगावी लागली. तेथून हुसकावलेल्यांना पुढे फ्रान्सचा राजा नवव्या लुईने ओद नदीपलीकडे वसू दिले. आज खाली दिसणारे चौकटीसारख्या सरळ रस्त्यांचे गाव ते हेच. नंतर कधीतरी दोन तटांमधल्या मोकळ्या पट्ट्यात विणकर आणि इतर गरीब लोक घरे बांधून राहू लागले. जीर्णोद्धारात तट सुबक दिसावा म्हणून त्यांचीही घरे पाडली गेली. व्हिओले-ल-द्यूकवर रागवायचेच असेल तर यासाठी रागवा ना! दगड कोणत्या रंगाचा, यावर दीड शतक भांडणाऱ्यांना ती विणकरांची घरे कधी आठवलेली मला दिसली नाहीत.

आता कोणी तलवार घेऊन येत नाही. लाकडी तलवारींची दुकाने मात्र येतात, त्यांच्यामागून खाणावळी आणि पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या येतात, आणि तटाच्या आत कायम राहणारी माणसे शंभरसुद्धा उरत नाहीत. त्या उंबऱ्यावरचे कुटुंब उठून गेल्यावर मी बाईंशी थोडे बोलले. रोजची भाजी घ्यायला त्यांना उतार उतरून नदीपलीकडे जावे लागते. त्या पुरुषाविषयी मी काही तिखट बोलले, तर त्यांनी नुसते खांदे उडवले.

पर्यटकांच्या पैशाशिवाय एवढी तटबंदी उभी राहणार नाही, हे खरे आहे. तिकीट काढून मीही तटावर फिरलेच.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी पुन्हा त्या गल्लीतून गेले. बाईंची खिडकी उघडी होती आणि आतून कांदा परतल्याचा वास येत होता. त्या क्षणी मला समोरची छपरे कोणत्या शतकातली आहेत याचे काहीही वाटले नाही आणि हे लिहिताना सकाळचा माझा रागही बराच निवळला आहे.

तरीही एक गोष्ट बोलायची राहते. २०२५ मध्ये आपले बारा किल्ले त्याच जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा आपण सगळ्यांनीच आनंद साजरा केला. त्यांतल्या पन्हाळ्यावर आजही अख्खे गाव नांदते आणि सिंधुदुर्गावर काही कुटुंबे राहतात. उद्या कोणी ‘किल्ला स्वच्छ दिसला पाहिजे’ म्हणून तेथील घरांकडे बोट दाखवले, तर त्या शेऱ्यालाही अंगठे देणारे आपल्यापैकीच बरेच जण असतील, आणि त्या दिवशी मी आजच्यापेक्षा फार वाईट भाषेत लिहीन.