‘कुठलाही ट्रान्सफॉर्मर चालतो’ म्हणे!

तो मेसेज परत फिरत फिरत माझ्याकडे आला, या महिन्यात तिसऱ्यांदा. पॉवर सप्लायचा फीडबॅक लूप (आउटपुट मोजून ते स्थिर ठेवणारी साखळी) घरीच तपासायची रेसिपी आहे: जुन्या अडॅप्टरमधला कुठलाही ट्रान्सफॉर्मर काढा, एका वाइंडिंगला फंक्शन जनरेटर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारं यंत्र) लावा, दुसरं वाइंडिंग फीडबॅक डिव्हायडरच्या (आउटपुटचा ठराविक भाग मोजायला परत देणारी रेझिस्टरची जोडी) वरच्या रेझिस्टरशी सिरीजमध्ये टाका, सिग्नल जितका मोठा तितका प्लॉट (फ्रिक्वेन्सीप्रमाणे लूपच्या गेन आणि फेजचा आलेख) स्वच्छ, आणि फेज मार्जिन, म्हणजे लूप डळमळीत व्हायला फेजमध्ये उरलेलं अंतर, ६० डिग्री आलं की सप्लाय पास. घरगुती इंजेक्टरला, म्हणजे लूपमध्ये सिग्नल घुसवणाऱ्या अशा ट्रान्सफॉर्मरला, माझा अजिबात विरोध नाहीये, माझाच घरी बनवलेला आहे. पण या रेसिपीतली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठेतरी लंगडते.

‘कुठलाही ट्रान्सफॉर्मर’. नाही हो. मोबाइल चार्जरमधला घेतलात तर त्याच्या फेराइट कोरला गॅप असते, इंडक्टन्स जेमतेम, त्यामुळे खालच्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल जनरेटरच्या बाजूलाच मरतो. जुना जड लोखंडी पट्ट्यांचा घेतलात तर तो ५० हर्ट्झसाठी बनवलेला, वरच्या बाजूला दम तोडतो, आणि बहुतेक सप्लायचा क्रॉसओव्हर (लूपचा गेन एकावर येतो ती फ्रिक्वेन्सी) नेमका तिकडेच असतो. मी काय वापरतो, तर भंगारातल्या बोर्डच्या लाइन फिल्टरमधला कॉमन मोड चोक (एकाच कोरवर दोन वाइंडिंग असलेली कॉइल), दोन्ही वाइंडिंगचे टर्न सारखे, साधारण १० मिलिहेन्री. ५० ओहमचा जनरेटर आणि पलीकडे १० ओहमचा रेझिस्टर (त्याच्याबद्दल पुढे सांगतो) धरला तर १३० हर्ट्झच्या आसपासपासून वर मस्त चालतो. त्याच्या खाली सिग्नल कमी होतो, पण आपण त्या रेझिस्टरच्या दोन टोकांच्या व्होल्टेजचं गुणोत्तर मोजतोय, त्यामुळे इंजेक्टरचा रिस्पॉन्स सपाट नसला तरी बिघडत नाही. ‘महागडा इंजेक्टर सपाट असतो म्हणून तोच घ्या’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर.

बरं, मेसेजमध्ये या इंजेक्शनच्या रेझिस्टरचा उल्लेखच नाहीये, आणि माझा सगळ्यात जास्त राग त्यावर आहे. आउटपुट आणि डिव्हायडर यांच्यामध्ये १० ते २२ ओहमचा रेझिस्टर आधी सोल्डर करायचा आणि वाइंडिंग त्याच्या दोन टोकांना लावायचं. डिव्हायडर काही किलोओहमचा असतो, त्यामुळे आउटपुटमध्ये नावापुरताच फरक पडतो. मी एकदा आळस केला, नुसतं वाइंडिंगच क्लिपने सिरीजमध्ये लावलं, प्रोब हलवताना क्लिप निसटली, फीडबॅक उघडा पडला, सप्लायला वाटलं आउटपुट शून्य आहे आणि तो १२ व्होल्टवरून सुसाट वर गेला. १६ व्होल्टचा कॅपॅसिटर फट्‌कन फुटला, टेबलावर कागदाचा भुगा आणि दोन दिवस घरात तो वास. रेझिस्टर असता तर क्लिप निसटूनही काही झालं नसतं.

‘वरच्या रेझिस्टरशी सिरीजमध्ये’. लूप न तोडता मोजायची ही युक्ती कॅलटेकच्या मिडलब्रुक यांनी १९७५ साली मांडली, आणि तिची अट अशी की सिग्नल टाकतो तिथून मागे, म्हणजे आउटपुटकडे, बघितलं तर इम्पिडन्स (एसीला होणारा अडथळा) कमी आणि पुढे, म्हणजे डिव्हायडरकडे, बघितलं तर जास्त हवा. आउटपुट आणि डिव्हायडरच्या मधली जागा या अटीत बसते, इथपर्यंत मेसेज बरोबर. पण टीएल४३१ (आउटपुटची संदर्भ व्होल्टेजशी तुलना करणारी चिप) आणि ऑप्टोकपलरवाल्या (प्रकाशातून सिग्नल पलीकडे पोचवणारा भाग) सप्लायमध्ये, म्हणजे घरातल्या निम्म्या अडॅप्टरमध्ये, ऑप्टोच्या एलईडीचा रेझिस्टरही बऱ्याचदा त्याच आउटपुटवरून येतो. तो दुसरा फीडबॅक मार्ग आहे, आणि तोच वेगवान. तुम्ही फक्त डिव्हायडरमध्ये इंजेक्ट केलंत तर अर्धाच लूप मोजताय. मला असंच एकदा छान ७२ डिग्री मिळालं होतं, आणि लोड झटक्यात बदलला तर आउटपुट स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) घंटेसारखं वाजत होतं, म्हणजे बराच वेळ वरखाली झुलत होतं! दोन्हीला मिळून जाणारा ट्रॅक कापून रेझिस्टर तिथे बसवला तेव्हा खरा आकडा दिसला, खूपच कमी. आणि एलईडीची लाइन आउटपुटच्या एलसी (कॉइल आणि कॅपॅसिटरच्या) फिल्टरच्या आधीहून आणि डिव्हायडर नंतरहून असेल तर असा एक पॉइंटच मिळत नाही, तिथे ही पद्धत सोडा आणि लोड स्टेपवर (लोड झटक्यात बदलून आउटपुट बघण्यावर) भरवसा ठेवा.

‘सिग्नल जितका मोठा तितका स्वच्छ’. स्वच्छ दिसेल, खरा नसेल, कारण मोठ्या सिग्नलला लूप लिनिअर राहत नाही. सिग्नल निम्मा करून परत मोजा, क्रॉसओव्हर सरकला तर आधीचा जास्त होता. मात्र खालच्या फ्रिक्वेन्सीला उलटं आहे. तिथे गेन ६० डीबी (म्हणजे हजारपट) असेल आणि तुम्ही ५० मिलिव्होल्ट टाकले तर डिव्हायडरच्या बाजूला फक्त ५० मायक्रोव्होल्ट उरतात, आठ बिटच्या स्कोपला ते नॉइजमधून दिसतील कसे? म्हणून खाली जास्त द्यायचा, क्रॉसओव्हरजवळ कमी.

(जनरेटर आणि स्कोपचं अर्थिंग एकच असतं म्हणूनच ट्रान्सफॉर्मर लागतो. स्कोपची अर्थिंगची पिन काढायचा ‘उपाय’ कृपया करू नका, आणि मेनच्या बाजूला तर प्रोब लावूच नका.)

राहिलं ते ६० डिग्री. एका लोडवर, एका इनपुटवर आलेले ६० डिग्री म्हणजे फक्त तिथले ६० डिग्री. हलक्या लोडवर सप्लाय वेगळ्याच मोडमध्ये जातो, थंडीत इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) वाढतो, दोन्हीने लूप बदलतो. मी कमीत कमी इनपुट, जास्तीत जास्त इनपुट, आणि प्रत्येकात दहा टक्के लोड आणि पूर्ण लोड असे चार प्लॉट काढतो, गेन मार्जिन (लूप डळमळीत व्हायला गेनमध्ये उरलेलं अंतर) १० डीबीच्या वर आहे ना ते बघतो, आणि शेवटी बारा व्होल्टचा जुना बल्ब झटक्यात लावून बघतो. थंड बल्ब सुरुवातीला कितीतरी पट करंट खेचतो, म्हणजे फुकटात लोड स्टेप.