फोंडाघाट उतरताना

पुतण्याला गाडी घ्यायची आहे. त्याला स्ट्राँग हायब्रिड हवी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली; कणकवलीच्या आमच्या दादाला डिझेल. बापलेकाचं भांडण घरातच राहिलं असतं, पण दादाने फॅमिली ग्रुपवर बातमी टाकली: मोटर शर्यतींची जागतिक संस्था एफआयए, तिचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायेम म्हणतात, फॉर्म्युला वनमध्ये पुन्हा व्ही-एट, म्हणजे जुन्या पद्धतीची आठ सिलिंडरची इंजिनं आणूया. खाली दादाचा निकाल: "बघलंस? शर्यतवाल्यांनी पण हायब्रिड टाकल्यानी."

मी राहतो इंग्लंडमध्ये, नॉर्दॅम्प्टनला. जवळच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर शर्यत असते त्या आठवड्यात तिकडचा ए-४३ रस्ता टाळतो, आणि ब्रिक्सवर्थ, जिथे मर्सिडीजची फॉर्म्युला वनची इंजिनं बनतात, माझ्या रोजच्या वाटेवर आहे. तेव्हा हे वाचून माझं डोकं फिरणारच. टाकली कुठे? २०१४ पासून विजेच्या मोटरची ताकद १२० किलोवॅट होती, २०२६च्या नियमांत ती थेट ३५० केली. काढून टाकलं ते इंजिनाच्या धुरावर फिरणाऱ्या टर्बोच्या दांड्याला जोडलेलं, वीज बनवणारं दुसरं यंत्र, कारण ते भयंकर महाग आणि रस्त्यावरच्या गाड्यांना जवळजवळ निरुपयोगी. २०१४ साली एका शर्यतीला १०० किलो इंधनाची मर्यादा घातली. आधीच्या व्ही-एटना त्याच्या दीडपट लागायचं. २०१७ मध्ये याच ब्रिक्सवर्थच्या टेस्ट बेंचवर इंजिनाने पन्नास टक्क्यांवर कार्यक्षमता गाठली. म्हणजे इंधनातली निम्मी उष्णता वाया न जाता कामाला लागली. आपल्या दारातलं चांगल्यातलं चांगलं पेट्रोल इंजिन चाळिशीच्या आसपास दमतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. लांबलचक. उत्तर एका ओळीत आलं: "तू थयसून आमका शिकव नको."

झोंबलं. झोंबलं कारण एक गोष्ट मी मुद्दाम गाळली होती. टोयोटाची हायब्रिड प्रियस रस्त्यावर आली १९९७ला. फॉर्म्युला वनमध्ये ब्रेकची वीज साठवणारी पहिली यंत्रणा २००९ला. फ्रान्समधल्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत हायब्रिड पहिल्यांदा जिंकली २०१२ला, ती ऑडीची. म्हणजे 'ट्रॅकवरचं तंत्रज्ञान तुमच्या गाडीत' ही शोरूमची भाषा निदान इथे तरी उलटी आहे. मंडईला जाणारी गाडी पुढे, शर्यत बारा वर्षं मागे. आणि आणखी एक गाळलं: माझी स्वतःची गाडी बारा वर्षांची डिझेल आहे. दरवर्षी एमओटीला, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीला, रडवते आणि यूलेझमुळे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या लंडनच्या शुल्कामुळे, लंडनला मी ट्रेननेच जातो. ग्रुपवर बाकी कोणाला ठाऊक नाही, पण दादाला ठाऊक आहे. त्याने ते ग्रुपवर लिहिलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

पण मुद्दा माझाच बरोबर, असं मला अजूनही वाटतं. फक्त पुरावा सिल्व्हरस्टोनला शोधायचा नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद पकडून ठेवायची, हेच हायब्रिडचं मूळ; आणि ब्रेक लावायला कोकणाइतकी जागा कुठे आहे? लायनर जळल्याचा वास नाकात घेत आम्ही लाल डब्यातून घाट उतरलो आहोत.

गेल्या गणपतीला कोल्हापूरहून घरी येत होतो, पुतण्याच्या मित्राच्या हायब्रिडमधून. दाजीपूरला चहा झाला. पुढे मी चालवणार असं ठरलं होतं. दादा म्हणाला, "चावी माका दी. तुझी सवय गेली." दोन्ही देशांत डावीकडूनच चालवतात, त्यामुळे सबबीलाही जागा नव्हती. बसलो बाजूला. धुकं होतं, पुढे उसाचा रिकामा ट्रक. पडद्यावर बॅटरीच्या दोन कांड्या होत्या, वळणागणिक एकेक वाढत गेली. मी प्रत्येक कांडी मोजून दाखवत होतो, जणू मीच भरतोय. २०१४ ते २०२५च्या नियमांत शर्यतीच्या गाडीची बॅटरी एका फेरीत जास्तीत जास्त चार मेगाज्यूल द्यायची, म्हणजे महावितरणच्या बिलातलं एक युनिट आणि वर थोडं, हेही सांगून झालं. या गाडीची त्याहून लहानच. घाट निम्मा उरला असताना ती काठोकाठ भरली.

"भरली," दादा म्हणाला. "आता खय घालतलस?"

वीज ठेवायला जागा उरली नाही की इंजिनाचाच ब्रेक घ्यावा लागतो, त्यासाठी बी मोड असतो, हे समजावायला मी तोंड उघडलं. इंजिन घुमायला लागलं. बघतो तर दांडा आधीच बी वर होता, आणि दादा खिडकी खाली करून आवाज ऐकत होता.