तारीख नसली तरी पिशवीचं वय कळतं

तारीख छापलेली नसेल तर किराण्याच्या जुन्या पिशवीचं वय सांगायला मार्गच नाही, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं अजिबात पटलं नाही. अहो, पत्ता वाचा ना! पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. माझ्याकडे इतवारीतल्या एका दुकानाची खाकी कागदी पिशवी आहे. तळाशी तेलाचा डाग, लाल शाई जरा फुटलेली, आणि पत्त्यात पिनकोड नाहीच, नुसतं ‘नागपूर-२’. त्याच दुकानाच्या कापडी पिशवीवर मात्र ४४०००२ छापलंय. आता कोणती आधीची, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? अर्थात, छपाईचा जुना ठोकळा पुढेही काही वर्षं वापरला जातो, म्हणून अगदी नेमकं साल सांगता येत नाही, पण अंदाज नक्की बांधता येतो. डब्या-पुड्यांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका दिसला तर माल २००१ किंवा त्यानंतरचा.

म्हणूनच एक कळकळीची विनंती. बरेच जण देवादिकांचं नाहीतर बाईचं रंगीत चित्र तेवढं कापून ठेवतात आणि बाकीची पिशवी रद्दीत घालतात. असं करू नका हो, खालची पत्त्याची बारीक अक्षरातली पट्टी आधी जपा.