तीनशे-चारशेची पट्टी अन् सगळं इंजिन बाहेर

टायमिंग चेनवाली गाडी घेतली की सगळे सांगतात, बेल्टची कटकट नाही, निवांत राहा. पिस्टनने फिरणारा क्रँकचा दांडा अन् वॉल्व उघडणारा कॅमचा दांडा एका तालात फिरवते ती ही इंजिनातली चेन, काही गाड्यांत तेच काम बेल्ट करते. चेन तशी सहसा तुटतही नाही हो. पण ती ज्या प्लास्टिकच्या गाइडवर घासत पळते त्या पट्ट्या झिजतात, अन् हे कोणी सांगत नाही. माझी गाडी सेकंडहँड, मीटर दोन लाखाच्या पार, आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं ते त्यालाच माहीत. सकाळी सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद असा खडखडाट की वरच्या माळ्यावरचे काकाजी गॅलरीत हजर. मग एकदम गप्प. गॅरेजमध्ये नेईपर्यंत इंजिन गरम होते अन् बाई अशी शहाण्यासारखी चालते की मिस्त्री माझ्याकडेच संशयाने पाहते.

सोसायटीत निदान फुकट मिळते. कोणी म्हणे वॉल्व, कोणी बेअरिंग, एकाने पेट्रोलमधल्या इथेनॉलवर ढकललं, सध्या सगळंच त्याच्यावर ढकलतात. काकाजींचं एकच, "नागपूरचं ऊन आहे बाप्पा, 45 डिग्रीत माणूस टिकत नाही, प्लास्टिक काय टिकते!"

शेवटी मानेवाडा रोडवरचा मिस्त्री म्हणाला, गाडी रात्री इथेच ठेवा. सकाळी त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या कव्हरला लावलं, मुठीला कान लावला अन् पोट्ट्याला म्हणाला, मार सेल्फ. खडखड! "गाइड गेली साहेब. टेन्शनर तेलाच्या प्रेशरवर चेन ताणून धरते. रात्री तेल खाली उतरते, सकाळी चेन ढिली, पट्टीवर आपटून राहिली." उन्हाचं विचारलं तर हसला. "आत तेल शंभर डिग्रीच्या आसपास जाते, बाहेर 45 काय अन् 25 काय! तेल वेळेवर बदला म्हणजे झालं."

पट्टी तीनशे-चारशेची. पण ती बसली आहे इंजिनच्या पोटात, तिच्यापर्यंत जायचं म्हणजे कूलंट काढा, बाहेरच्या पुलीवरचा बेल्ट काढा, इंजिनखाली जॅक लावून माउंट सोडा, खालचं तेलाचं चेंबर उतरवा, मग पुढचं कव्हर. क्रँक पुलीच्या बोल्टने तर अंत पाहिला, पान्याला पाइप लावून मिस्त्री अन् पोट्टा दोघंही लटकले तरी तो जागचा हलेना. तेवढ्यात तर्री पोहे आले, सगळे खाऊन पाणी पिऊन परत लटकले तेव्हा कुठे तो कडकन सुटला.

कव्हर निघालं अन् मला ती पट्टी दिसली. मूळ रंग कोणता होता देव जाणे, आता चहाच्या गाळणीसारखी तपकिरी, त्यात चेनने दोन लांब खाचा पाडलेल्या, खालचं टोक तर गायबच. मला वाटलं आता नवी लावणार, पण मिस्त्री चेंबरमधल्या तेलात हात घालून बसला. एकेक तुकडा पुसून पेपरवर मांडला, जुळवला, अन् म्हणाला, "एक कमी आहे." मी म्हटलं जाऊ द्या ना, नवी लावताच आहे. त्याने असं पाहिलं की मी गुपचूप मोबाइलची बॅटरी लावून धरली. बराच वेळ शोधून तो तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत निघाला, काळ्या चिखलात रुतून बसलेला. जाळी चोक झाली असती तर तेल वर चढलंच नसतं अन् अख्खं इंजिन जाम!

नवी चेन, नव्या गाइड, नवा टेन्शनर. खुणा जुळवल्यावर त्याने पान्यानेच क्रँकचे दोन फेरे दिले, तेवढ्यात कॅमचा एक होते, अन् खुणा परत पाहिल्या. एखादा दात जरी चुकला अन् वॉल्व पिस्टनवर आदळले तर किटचा खर्च चिल्लर वाटन म्हणे. मग सीलंट लावून ते वाळेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. मिस्त्री झोपला, मी येरझारा मारल्या.

दुसऱ्या दिवशी तेल भरून सेल्फ मारला अन् तोच खडखडाट! माझा जीव गळ्यात. मिस्त्री बिडी काढत म्हणाला, "काहून घाबरून राहिले? कोरा टेन्शनर आहे, तेल भरून राहिलं त्यात." अन् खरंच, आवाज विरला, इंजिन मुकाट चालायला लागलं.

बिलात गाइड एका ओळीत, मजुरीचा आकडा त्याच्या कितीतरी पट. मी काही बोललो नाही, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकतच होतो तर तो म्हणाला, "थांबा साहेब, वॉटर पंपही लीक होता, उघडलंच होतं तर तोही बदलून टाकला, लिहायचा राहिला."