पेंटर, तेवढं नाक बघा

कोल्हापुरात चित्रकार नसतो, पेंटर असतो. नंबरप्लेट लिहितो तो पेंटर, घराला डिस्टेंपर मारतो तो पेंटर आणि कलामहाविद्यालयात पाच वर्षं घासून बाहेर पडतो तोही पेंटरच. यात तक्रार करायला जागा नाही. बाबूराव मेस्त्रींनी नाटकाचे पडदे रंगवले, मूर्ती घडवल्या, सिनेमाचा कॅमेरा घरी तयार केला, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. गावानं त्यांना शेवटपर्यंत बाबूराव पेंटरच म्हटलं. तिथं माझी काय कथा? गेल्याच महिन्यात एक जण दारात स्कूटर लावून म्हणाला, "पेंटर, टाकीवर 'आईचा आशीर्वाद' टाकून द्या. घाई न्हाई, मी थांबतो."

तर या पेंटरकडे मे महिन्यात एक ऑर्डर आली. आण्णांना जाऊन नऊ महिने झाले होते. ऑगस्टमध्ये वर्षश्राद्ध, त्याच्या आत तैलचित्र हवं. थोरले चिरंजीव आले होते. त्यांच्या भाषेत "आण्णांचा ऑइलमधला फोटो". चोवीस बाय छत्तीसचा कॅनव्हास, कमरेपर्यंत, फेट्यासकट. मी १५,००० सांगितले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या चित्रांकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं.

"फ्लेक्सवाला तीनशेत देतोय की. वर वाघ बी टाकतोय मागं."

वाघाशी माझी स्पर्धा नाही हे पटवायला एक चहा आणि हजार रुपये गेले. १४,००० ठरले, ५,००० आगाऊ.

फोटो संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आला. कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो होता. तिसऱ्या रांगेत, नवरदेवाच्या मामाच्या खांद्यामागून, आण्णा उगवले होते. मोठं करून बघितलं तर नाकाच्या जागी चार चौकोन, त्यातला एक जांभळा. फेटा कानावर उतरलेला. आणि डावा गाल उजव्यापेक्षा चांगलाच फुगलेला. दुसरा फोटो मागितला तर आधार कार्डाच्या झेरॉक्सची झेरॉक्स आली. तिच्यात आण्णा म्हणजे पांढऱ्या कागदावर पडलेली काळी सावली होती, मिशी कुठं संपते आणि कल्ले कुठं सुरू होतात काही कळेना. "एवढं चालतंय न्हवं?" असा खाली मेसेज.

आता माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. रोज एक स्केच काढल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. पोटासाठी काढतो ते वेगळं, हे फुकटचं. सकाळी सातला वही आणि सिक्स-बी पेन्सिल घेऊन मी मध्यवर्ती स्टँडवर जातो आणि गारगोटीच्या फलाटासमोर बसतो. एका माणसाला दहा मिनिटं. जास्त नाहीच, कारण एक तर गाडी लागते, नाहीतर त्याला कळतं. आपलं चित्र निघतंय हे कळल्यावर माणूस तिथल्या तिथं बदलतो. पोट आत घेतो, केसांवरून हात फिरवतो आणि शाळेतल्या ग्रुप फोटोसारखा समोर बघू लागतो. झालं, ते पान वाया. मग मागं चार माणसं गोळा होतात. एक जण विचारतो, "यात सुटतात किती?" दुसरा म्हणतो, "आमच्या भाच्यालाबी हात हाय, पर त्यानं पुढं आयटीआय केलं." त्याच्या आवाजात भाचा वाचल्याचं समाधान असतं.

कंटाळा आला की मी संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातो. तिथं म्हशी येतात, समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. गिऱ्हाईक दूध पितं, मी म्हैस काढतो. म्हशीसारखं मॉडेल नाही. हलत नाही, दाखवा म्हणत नाही, आणि नाक बारीक करा असं तर आयुष्यात म्हणणार नाही. चित्रकार आबालाल रहिमानांनी याच गावात कोटितीर्थ तळ्याचं पाणी पुन्हा पुन्हा रंगवलं. लोक त्यांच्या निसर्गप्रेमाबद्दल बोलतात. मला वाटतं, तळं कधी सूचना करत नाही, हेही त्यात असणार.

जूनमध्ये काम सुरू केलं. बर्न्ट अंबरमध्ये, म्हणजे गडद तपकिरीत, आण्णा उभे केले, डोळे बारीक करून उजेड-अंधार लावून घेतला, मग कातडीचे पॅच टाकायला लागलो. यलो ऑकर, लाइट रेड, पांढरा. आणि सावलीत थोडा व्हिरिडियन, म्हणजे हिरवा. तांबूस कातडीची सावली जरा हिरव्याकडं झुकवली की चेहरा गोल उठतो. नेमके त्याच दिवशी घरचे "सहज" बघायला आले. थोरले, मधले, धाकटे, गडहिंग्लजची अक्का, तिची सून आणि कोपऱ्यात स्टुलावर आज्जी.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग थोरले म्हणाले, "पेंटर, आण्णांना कावीळ न्हवती ओ."

मी सांगितलं की अजून वर थर चढायचे आहेत. त्यानं सगळ्यांना धीर आला आणि सभा सुरू झाली.

"नाक असलं न्हवतं. तेवढं नाक बघा."

"नाक बरोबर हाय, मिशी चुकलीया."

"जरा हसरे करा की." हे अक्का.

"हसरे?" थोरले म्हणाले. "आण्णा? आमच्याकडं बघून?"

"माझ्याकडं बघून हसायचे."

इथं दोघं एकमेकांकडं असं बघायला लागले की मी ब्रश धुवायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा विषय वयावर गेला होता. धाकट्यांना आण्णा पन्नाशीतले हवे होते, मधल्यांना शेवटचे, "पण आजारपण वजा करून". थोरल्यांना फेटा गुलाबी हवा होता. फोटोत तो निळा होता, पण तो म्हणे दुसऱ्याचा होता. मी पाहिलेलं नाही असं एकच माणूस काढायला बसलो होतो, आणि माझ्या स्टुडिओत पाच वेगवेगळे आण्णा उभे होते. कुणाचं खोटं नव्हतं, हीच अडचण.

सुनबाईंची मागणी तेवढी मोकळी होती. "उजेड तसला द्या बगा, त्या रविवर्म्याच्या दिवेवाल्या बाईसारखा."

इथं माझ्यातला कलामहाविद्यालयाचा विद्यार्थी जागा झाला. म्हटलं, ते चित्र रविवर्म्याचं नाही, सावंतवाडीच्या हळदणकरांचं आहे. रविवर्मा १९०६ साली गेले, हे चित्र त्यानंतर चाळीसेक वर्षांनी झालं. हळदणकरांची मुलगी गीता हातात दिवा घेऊन उभी राहिली होती. मैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि मुख्य म्हणजे ते ऑइल नाही, वॉटर कलर आहे.

"असू दे की," सुनबाई म्हणाल्या. "उजेड तर त्योच न्हवं?"

जिथं हळदणकरांचं नाव त्यांच्या चित्रावर टिकत नाही तिथं मी माझी सही दीड इंच मोठी करायचं ठरवलं.

गालाचा उलगडा शेवटी झाला. मी तो फोटोबरहुकूम फुगवला होता. मधले म्हणाले, सूज कसली ही? धाकट्यांना वाटलं, दाढ. डॉक्टरचं नाव निघालं, कुणी दाखवायला नेलं नाही यावर जुनं काहीतरी वर आलं. तेव्हा आज्जी पहिल्यांदा बोलल्या.

"पान हाय त्यात."

पंगत उठल्यावरचा फोटो होता तो. सुजेचा प्रश्न मिटला, पण पान ठेवायचं की काढायचं यावर मतदान झालं. तीन विरुद्ध दोन, पान काढायचं. आज्जींना कुणी विचारलं नाही.

जुलैत पाऊस लागला. कोल्हापूरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पंचगंगेनं पात्र सोडलं, आणि ऑइल वाळेना. अंबर पटकन वाळतो, टिटॅनियम व्हाइट मात्र सरकारी कामासारखा. रात्रभर आण्णांपुढं टेबलफॅन लावून ठेवायचो. टर्पेंटाइनचा वास घरभर. बायको म्हणाली, "परके आण्णा वाऱ्यात आणि आपण डासात." फॅन एकच आहे आमच्याकडं.

आणि तेव्हाच कान उरला. नाक मी सभेच्या सरासरीवर आणून ठेवलं होतं, ओठ ना हसरे ना रागीट असे तडजोडीचे झाले होते. पण गुलाबी फेटा थोरल्यांच्या सांगण्यावरून दोन बोटं वर गेला आणि डावा कान उघडा पडला. तो कुठल्याच फोटोत नव्हता. झेरॉक्समध्ये तिथं डाग होता. घरी विचारावं तर पुन्हा सभा. आरशात बघून स्वतःचा कान लावला, तर तो आण्णांच्या चेहऱ्यावर भाड्यानं राहिल्यासारखा दिसायला लागला.

मग जुन्या वह्या काढल्या. दोन तासांनी एक पान सापडलं. गारगोटीच्या फलाटावर पिशवी उशाला घेऊन झोपलेला म्हातारा. गाडी लागली म्हणून तो उठून गेला होता आणि पानावर त्याचा फक्त कान पुरा झाला होता. लांब, पाळी खाली ओघळलेली, वरच्या कडेला बारीक खाच आणि भोकाजवळ उगवलेले चार केस. दहा मिनिटांत असा कान मी पुन्हा काढू शकणार नाही. तोच उचलून आण्णांना लावला. केस दोनच ठेवले.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी टेम्पोतून चित्र पोचवलं. सगळे समोर उभे. थोरले म्हणाले, "आलंय बऱ्यापैकी." कोल्हापुरात याला दाद म्हणतात. अक्का म्हणाली नाक, मधले म्हणाले नाकाचं राहू द्या आता. आज्जींना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. चित्राच्या अगदी जवळ गेल्या, इतक्या की त्यांना चेहरा दिसत असेल असं वाटत नाही.

"बाकी काय कळत न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "पर कान त्यांचाच हाय."

आणि अंगठ्यानं पाळी चोळली. मी "आज्जी, ओलं..." म्हणेपर्यंत उशीर झाला होता. पाळीवर अंगठ्याचा ठसा उठला, रेषा मोजता येतील असा, आणि आज्जींच्या बोटाला लाइट रेड.

"ह्ये एवढं नीट करून द्या," थोरले खिशातल्या पाकिटावरचा हात तसाच ठेवून म्हणाले. मी पिशवीतून ब्रश काढला.

"राहू दे," आज्जी म्हणाल्या. त्या घरात त्यांचं एवढं ऐकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

९,०००पैकी ८,५०० मिळाले. पाचशे टेम्पोचे धरले. कानाचा उगम कुणी विचारला नाही आणि मीही सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावणं होतं. चित्र मधल्या खोलीत, खाली समई. चित्राला नवा चंदनाचा हार घातला होता, चांगला चार बोटं रुंद, फेट्यापासून सुरू होऊन दोन्ही बाजूंनी खाली आलेला. नाक स्वच्छ दिसत होतं. कान एकही दिसत नव्हता. पंगत बसली, वाढपी आमटी घेऊन फिरत होते, आणि आज्जी तेवढ्यात तीनदा उठून हार डाव्या बाजूनं मागं सारून आल्या.