माशीला एकाचे हजार दिसत नाहीत हो!

हायवेवरची खानावळ म्हणा, मटणाचं दुकान म्हणा, दारात पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी टांगलेली असते. विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "माशीला हजार डोळे असतात ना, तिला पाण्यात एकाचं हजार दिसतं, मग ती घाबरते." पिशवीखालच्याच टेबलावर माश्या निवांत हात चोळत बसलेल्या असतात, ते सोडा. माझी तक्रार त्या 'हजार'बद्दल आहे. व्हॉट्सॲपवर तेच फिरतं आणि कार्टूनमध्येही माशीच्या नजरेतून एकच माणूस शंभर चौकटींत दाखवतात.

या समजाला थोडा आधार आहे, नाही असं नाही. हॉलंडच्या लेव्हेनहूकने सतराव्या शतकाच्या अखेरीस कीटकाच्या डोळ्याचं वरचं पारदर्शक पटल सोलून सूक्ष्मदर्शकाला लावलं आणि त्यातून मेणबत्ती पाहिली. त्याला ढीगभर ज्योती दिसल्या, त्याही उलट्या. निरीक्षण चोख होतं. पण उरली होती ती नुसती भिंगं. त्यांच्या मागचं सगळं सोलताना निघून गेलं होतं.

आणि खरी करामत मागेच आहे. घरमाशीच्या एका डोळ्यात तीन-चार हजार षटकोनी नेत्रिका असतात. प्रत्येकीला एक भिंग आणि त्याखाली प्रकाश ओळखणाऱ्या जेमतेम आठ पेशी. आठ पेशींत कुणाचा चेहरा मावणार? त्यातल्या सहा पेशी किंचित वेगवेगळ्या दिशांना रोखलेल्या असतात. त्यामुळे समोरच्या एकाच बिंदूकडे शेजारशेजारच्या सहा नेत्रिकांमधली एकेक पेशी पाहत असते, आणि त्या सहाही पेशींचे चेतातंतू मागे जाऊन बरोबर एकाच ठिकाणी जुळतात. जर्मनीत कुनो किर्शफेल्ड यांनी 1967 मध्ये ही जोडणी उलगडली. म्हणजे त्या बिंदूचा प्रकाश सहापट गोळा होतो आणि चित्र जास्त धूसरही होत नाही. मला विचाराल तर डोळ्यांच्या सगळ्या प्रकारांत इतकं देखणं वायरिंग दुसरं नाही.

म्हणजे हजारो नेत्रिका मिळून चित्र एकच, ठिपक्याठिपक्यांचं. तेही भरड. हात लांब करून अंगठा धरा. तेवढ्या रुंदीत माशीला जेमतेम एखादा ठिपका मिळतो. आपल्याइतकं स्पष्ट दिसायला हवं असेल, तर असा डोळा निदान मीटरभर रुंद लागेल. हा हिशोबही किर्शफेल्ड यांचाच.

मग मारायला गेलं की ती निसटते कशी? तिथे स्पष्टपणाचा प्रश्नच नाही, प्रश्न वेळेचा आहे. सेकंदाला साठेक वेळा लुकलुकणारा दिवा आपल्याला सलग पेटलेला वाटतो. घरमाशीला दोनशेच्या वर गेला तरी लुकलुक कळते. जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात तिच्या लेखी अखंड डिस्को चालू असतो. आपण सपकन मारलेला हात तिला सावकाश मोठा होत जाणारा काळा डाग दिसत असणार.

2008 मध्ये कॅलिफोर्नियात ग्वेनेथ कार्ड आणि मायकेल डिकिन्सन यांनी वेगवान कॅमेऱ्याने फळमाशी टिपली. धोका समोरून येतोय की मागून, ते पाहून ती उडण्याच्या साधारण एक पंचमांश सेकंद आधीच पाय सरकवते आणि शरीराचा तोल असा बदलते, की उडी विरुद्ध दिशेलाच जाईल. तिचा मेंदू केवढा, तर खसखशीच्या दाण्याएवढा! त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी डोळ्यांकडून आलेल्या माहितीच्याच कामाला जुंपलेल्या.

तेव्हा माश्या मारत बसायचंच असेल, तर नेम माशीवर धरू नका. समोरून मारणार असाल तर ती मागे उडणार; फटका तिच्या मागे थोडं अंतर सोडून बसू द्या. डिकिन्सन यांनीही असंच सुचवलं होतं.