वेब-आधारित विज्ञान अध्यापनावर प्रबंध कसा लिहावा

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करावयाची आहे आणि विषय सुचत नाही, अशी ज्यांची अडचण आहे त्यांनी मुळीच चिंता करू नये. 'इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांसाठी वेब-आधारित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता अभ्यासणे' हे शीर्षक तयारच आहे. त्यात घटक आणि तालुका तेवढा बदलावा.

कार्यक्रम स्वतः रचण्याच्या भानगडीत पडू नये, कारण कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावरचे आभासी प्रयोग, मराठीतही विनामूल्य मिळतात.

नावीन्य ओसरल्यावर मुलांच्या लक्षात काय उरले, हे चुकूनही तपासू नये.

नियंत्रित गटाची, म्हणजे तुलनेसाठी नव्या कार्यक्रमाविना ठेवलेल्या गटाची, मात्र विशेष काळजी घ्यावी. 'अ' तुकडीला प्रोजेक्टरवर रंगीत विद्युतमंडल दाखवावे आणि 'ब' तुकडीला धाराविद्युतचा धडा नुसता वाचून दाखवावा, तोही मधल्या सुट्टीनंतर, मुले पेंगत असताना. प्रयोगशाळेचे कुलूप उघडू नये, कारण एखाद्या मुलाच्या हाती घट, बल्ब आणि तार पडली, तर त्याला विषय समजण्याचा आणि आपले टी-मूल्य, म्हणजे दोन गटांतील फरक जोखणारा आकडा, घसरण्याचा धोका संभवतो. गेल्या महिन्यात आमच्या शाळेत आलेल्या संशोधक महोदयांनी हा नियम इतक्या निष्ठेने पाळला, की 'ब' तुकडीसाठी मी टेबलावर मांडून ठेवलेले अमीटर त्यांनी स्वहस्ते कपाटात परत ठेवले. चले, म्हणजे निकालावर परिणाम करणारे घटक, नियंत्रित राहावयास हवीत म्हणे! अपेक्षेप्रमाणे फरक ०.०५ स्तरावर सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नव्हे असा, ठरला, 'दोन गटांत फरक नाही' या शून्य परिकल्पनेचा त्याग झाला, पाहुण्यांनी चहा घेतला आणि ते गेले.

कसली परिणामकारकता सिद्ध केलीत, महाराज? शिकवलेली मुले न शिकवलेल्या मुलांपेक्षा अधिक गुण मिळवतात, एवढेच ना? फरक माध्यमामुळे पडत नाही, अध्यापनपद्धतीमुळे पडतो, हे शैक्षणिक माध्यमांचे अभ्यासक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच मांडले होते, आणि आपल्या संदर्भसूचीत त्यांचे नावही असेल. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलोरॅडोच्याच अभ्यासात एका गटाला सिम्युलेशन आणि दुसऱ्याला खरे बल्ब व खऱ्या तारा दिल्या होत्या. सिम्युलेशनवाले खरे मंडल जोडण्यातही सरस ठरले, म्हणूनच त्या निष्कर्षाला किंमत आहे. त्यांनी कुणाच्या हातातले साहित्य काढून घेतले नव्हते. आपण घेतलेत, आणि तेही वर्षाकाठी एकदा प्रयोगशाळा पाहणाऱ्या मुलांच्या हातातले. प्रबंधाची प्रत शाळेला पाठवली नाहीत तरी चालेल. 'ब' तुकडीचा राहिलेला धडा तेवढा येऊन नीट शिकवून जा.